कोठीतली काच

"काच लावायची, आणि मग ती फुटती का बघत बसायचं?" आई म्हणाली. "हे कसलं औषध म्हणायचं, साहेब?"

नायर साहेब आमच्या कोठीच्या खोलीत गुडघ्यांवर बसले होते. धान्याची पत्र्याची कणगी आम्ही हातभर पुढं ओढली होती. तिच्यामागं भिंतीत जी चीर होती, तिच्यावर ते काचेची एक अरुंद पट्टी आडवी धरून तिची दोन्ही टोकं प्लॅस्टरच्या गोळ्यांनी भिंतीला चिकटवत होते. एवढा मोठा इंजिनियर स्वतःचे हात भरवून घेतोय म्हटल्यावर माझा धाकटा भाऊ जिनेंद्र दारात अवघडून उभा होता.

"औषध नाही, मावशी. हा थर्मामीटर आहे," साहेब म्हणाले. "भिंत शांत असेल तर काच जशीच्या तशी राहील. भिंत सरकत असेल तर काच फुटेल. आणि फुटली, की लगेच मला..."

"फुटली म्हणू नका," आईनं त्यांना मधेच तोडलं. "राहत्या घरात असं अभद्र बोलत न्हाईत."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवून 'चालू द्या' म्हटलं. आईच्या या असल्या सोवळ्या भाषेपुढं आम्ही भावंडांनी कधीच हात टेकले होते.

नायर साहेब मूळचे केरळचे, पण त्यांची उभी हयात सांगलीत गेलेली. मराठी अगदी स्वच्छ बोलायचे, आमच्यापेक्षा शुद्धच. मिरजेला मी ज्या दवाखान्यात रक्त तपासते, तिथली जुनी इमारत त्यांनीच तपासून नीट करून घेतली होती. ती ओळख. पण त्यांना आष्ट्याला आमच्या घरी आणायला मला दिवाळीपासून भांडावं लागलं होतं.

कारण आष्टा पडलं काळ्या जमिनीचं गाव. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते आणि वरच्या घरांना आपल्याबरोबर हलवते. चैत्र-वैशाखात भिंतींना चिरा पडायच्या, श्रावणात मिटायच्या, दिवाळीला त्यांच्यावरून रंगाचा हात फिरायचा. कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चीर दाखवली की ते एकच वाक्य बोलायचे, "जमीन श्वास घेती, घेऊ दे." हळदीच्या अडतीत दिवाणजी म्हणून जन्म घालवलेल्या माणसाला हे काव्य कुठून सुचायचं कुणास ठाऊक. घर त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलं होतं. त्याला नाव ठेवलेलं त्यांना सहन होत नसे.

पण कोठीतली चीर आदल्या श्रावणात मिटली नव्हती, भाद्रपदातही नाही. त्यात हिवाळ्यात जिनूनं कोठी आणि स्वयंपाकघर यांच्यावर दुसऱ्या मजल्याचं वीटकाम करून घेतलं. चैत्रात मी माहेरी आले आणि कोठीचं दार उघडायला गेले, तर ते अर्ध्यावर अडकलं. लाकडी दार पावसाळ्यात फुगून अडकतं, हे कुणीही सांगेल. चैत्राच्या रखरखाटात ते अडकलं याचा अर्थ दार फुगलेलं नव्हतं, चौकट वाकडी झाली होती. मी तोंडाची फटकळ आणि परवानगी विचारण्याची सवय नाही. तिथूनच साहेबांना फोन लावला.

साहेबांनी चिरेत गाडीची किल्ली घालून पाहिली. ती अर्धी आत गेली.

"केसासारख्या चिरा सगळ्याच घरांना असतात," ते आण्णांना म्हणाले. "त्यांच्यासाठी मला बोलवू नका, रंगारी पुरे. पण ही बघा. तिरकी आहे. विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढलीय. वर रुंद, खाली बारीक. पावसाळ्यात मिटली नाही म्हणता. दारही अडकतंय. म्हणजे हा कोपरा खाली बसतोय."

"बसून बसून किती बसंल?" आण्णा म्हणाले.

"तेच बघायचंय. बसून थांबला असेल तर दुरुस्ती सोपी. अजून बसत असेल, आणि त्यावर तुम्ही स्लॅब टाकला..." साहेबांनी आम्हा सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि वाक्य सोडून दिलं. "काच महिनाभर राहू दे. ती सांगेल. मी स्वतः येऊन बघेपर्यंत वर काही चढवायचं नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीला पण एक काच लागेल, माझा माणूस येऊन लावून जाईल."

साहेबांची गाडी गल्लीतून वळली नसेल, तोच आई हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन कोठीत गेली आणि त्या काचेला बोटं लावून आली.

"अगं, ती काय देवी आहे?" मी म्हटलं.

"घराला लागलीय न्हवं? मग घरचीच झाली."

मी कपाळावर हात मारून घेतला.

जिनूचा चेहरा मात्र उतरला होता, आणि त्याला कारण होतं. त्याची बायको सुनयना इचलकरंजीची, पतसंस्थेत नोकरीला. सकाळी एकाच ओट्यावर आईचा चहा आणि तिचा डबा, एकाच मोरीवर दोघींची घाई. दोघींचं भांडण नव्हतं, तेच वाईट होतं. भांडण निदान मिटवता तरी येतं. सुनयनानं शेवटी वेगळी चूल मागितली, आणि जिनूनं त्यातून वाट काढली ती वरच्या मजल्याची. वर त्यांचं, खाली आई-आण्णांचं, जिना एकच. स्लॅब पावसाच्या आधी झाला तर ठीक. नाहीतर कॉलनीत त्यानं भाड्याचं घर बघून ठेवलं होतं आणि त्या मालकाला शब्द द्यायची वेळ येऊन ठेपली होती.

हे आईला माहीत होतं. तिनं एक घर फुटताना पाहिलेलं होतं. ती नवी सून असताना आण्णांचे थोरले भाऊ वेगळे झाले, आणि गेलेली जाऊ पुन्हा आमच्या दारात आली नाही, मयतीलाही नाही. आई हे कधी बोलत नसे. फक्त मिस्त्रीचा हिशेब, विटा, वाळू, वरच्या ओट्याचा दगड, सगळ्यात ती जिनूपेक्षा जास्त लक्ष घालायची. "सुनयनाला उंच पडंल ओटा, जरा खाली घ्या," असं तिनं मिस्त्रीला सांगितलेलं मी स्वतः ऐकलं होतं. सुनयनाच्या कानावर ते गेलं नसावं.

वैशाख संपता संपता मला जिनूचा फोन आला.

"ताई, रविवारी स्लॅब. ये."

"साहेब येऊन गेले?"

"फोन आला हुता त्यांचा. आईशी बोलले. छान म्हणाले."

"छान म्हणाले म्हणजे? लेखी काय दिलं?"

"ताई, तू आता रक्ताच्या रिपोर्टासारखं करू नको. स्लॅबवाल्या मल्लाप्पाची गँग आता मिळतीय ती मिळतीय, नंतर पाऊस झाल्यावरच. साहेब पुढच्या आठवड्यात येणारच हायत बघायला."

"मग स्लॅब पण पुढच्या आठवड्यात टाक."

"तू ये तर खरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी साहेबांना लावून पाहिला, ते कुठल्याशा पुलाच्या कामावर होते, लागला नाही. शनिवारी दुपारी घरी पोचले तेव्हा आई सोप्यात बसून उद्याच्या माणसांसाठी हरभऱ्याची डाळ निवडत होती. स्लॅबचा दिवस आमच्याकडं सणासारखा असतो. सगळ्या गँगला जेवण, जिलेबी, मसालेभात. मी तिच्यासमोर बसले आणि सरळ विचारलं.

"साहेब तुझ्याशी काय बोलले?"

"काय न्हाई. मावशी बऱ्या हाय का म्हणाले. काच काय म्हणती म्हणाले."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणलं, एक काच वाढली."

"आणि?"

"छान, छान म्हणाले. पुढच्या आठवड्यात येतो म्हणाले."

म्हणजे साहेबांचा माणूस येऊन दुसरी काच लावून गेला तर. माझा जीव जरा भांड्यात पडला. तरी उठून कोठीकडं निघाले, तर आई म्हणाली, "आता कुठं त्यात शिरतीस? तांदळाची पोती, तेलाचे डबे, सगळं रचलंय. कणगीपतूर हात पोचायचा न्हाई." मग तिनं सुपातली डाळ माझ्यापुढं सरकवली आणि मी निवडायला बसले.

रविवारी सकाळी घरापुढं मिक्सर उभा राहिला. खडी, वाळू, सिमेंटचे ढीग. मल्लाप्पा सीमेपलीकडचा, कानडी हेलाचं मराठी बोलायचा, आणि त्याची माणसं कामाला लागण्याआधीच दमल्यासारखी रांगेत बसली होती. वर फळ्यांवर लोखंडाची जाळी पसरलेली. जिनू त्या जाळीवर चढून खाली सगळ्यांना हाका मारत होता, लग्नातसुद्धा तो एवढा खुशीत नव्हता.

"आण्णा, नारळ वाढवा की," मल्लाप्पा म्हणाला. "मग मिक्सर चालू करतो."

आण्णांनी टोपी नीट केली, नारळ हातात घेतला आणि दगडावर घातला. तो एका घावात उभा दुभंगला.

"वाढला, वाढला! चांगला वाढला!" मल्लाप्पा ओरडला.

मी पेढ्यांचं ताट घेऊन उभी होते. नारळाच्या दोन शकलांतून पाणी सिमेंटच्या धुळीत पसरत होतं. नारळ कुणी फोडत नाही, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. आईच्या हातातली एकही बांगडी आजवर फुटलेली नव्हती, सगळ्या वाढल्या होत्या. आणि हळद-कुंकू लावलेली काच गेली, तर ती काय म्हणणार होती?

ताट मी तिथंच कठड्यावर ठेवलं आणि कोठीत धावले. दोन पोती ओढली, तेलाचे डबे पायानंच ढकलले, कणगीमागं मान घातली. भिंतीवर प्लॅस्टरचे दोन गोळे तेवढे होते, आणि त्या गोळ्यांत काचेची दोन टोकं. मधली पट्टी नव्हती. जिथं साहेबांची किल्ली अर्धी गेली होती तिथं माझं बोट आरामात गेलं. स्वयंपाकघराच्या भिंतीला दुसरी काच कुणी लावलेलीच नव्हती.

"थांबव!" मी अंगणात येऊन वर ओरडले. "जिनू, खाली ये. काच फुटलीय."

तो खाली आला, कोठीत जाऊन बघून आला. चेहऱ्यावरचं हसू त्यानं कसंबसं टिकवलं होतं.

"पोती रचताना धक्का लागला असंल, ताई. काल हमालांनी कशी आदळली ती मी बघितलंय."

"आणि चीर? ती पण हमालांनी मोठी केली?"

"चीर वैशाखात मोठी दिसतीच. आण्णा, सांगा हिला."

मी पुन्हा साहेबांना फोन लावला, या वेळी लागला. काय झालं ते सांगितलं.

"पण मावशी तर म्हणाल्या होत्या काच वाढली. मला वाटलं माझा माणूस येऊन लावून गेला." मग त्यांचा आवाजच बदलला. "मावशींना द्या फोन. आवाज मोठा करा, सगळ्यांना ऐकू दे."

मी फोन आईपुढं धरला. आम्ही सगळे मागच्या अंगणात, कोठीच्या दारासमोरच उभे होतो.

"मावशी, नीट आठवून सांगा. काच धक्क्यानं गेली की आपोआप? पोती यायच्या आधी की नंतर? यावर सगळं अवलंबून आहे."

आईनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"आई, धक्का लागला न्हवं?" जिनू हळूच म्हणाला. त्याच्या त्या आवाजात मला लहानपणीचा जिनू ऐकू आला, चूक केल्यावर आईच्या मागं लपणारा. मला त्याची कीव आली आणि संतापही आला.

"सांग की गं," आण्णा म्हणाले. "लागला असंल धक्का."

"वाढली, साहेब," आई म्हणाली.

"वाढली म्हणजे काय, मावशी? मला तो शब्द कळत नाही. मला हो किंवा नाही सांगा."

पुढच्या अंगणात कुणीतरी उतावळेपणानं मिक्सर चालू केला आणि त्याचा खडखडाट घरातून घुमत मागं आला. तेवढ्यात सुनयना, गँगच्या चहासाठी साखर कमी पडली म्हणून, हातात पातेलं घेऊन आमच्या बाजूनं कोठीत शिरली. तिला काय चाललंय याचा पत्ताच नव्हता. कोठीच्या दारावरून वाळूची एक बारीक धार तिच्या मागं पडली.

"सुनयना!" आई किंचाळली. तसा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "बाहेर हो! आधी बाहेर हो! बाहेर हो म्हणते न्हवं तुला!"

सुनयना पातेलं छातीशी धरून बाहेर आली. मल्लाप्पाची माणसं, शेजारच्या बायका, सगळे तिच्याकडं बघत होते. तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि मग लाल झाला.

आईनं माझ्या हातातून फोन घेतला. तो कसा धरायचा हे तिला धड माहीत नव्हतं, तिनं तो तोंडासमोर आरशासारखा धरला.

"फुटली, साहेब. आपोआप फुटली. पोती यायच्या लई आधी. तुकडे मी माझ्या हातानं उचलले. भिंत अजून करकरती, रात्री मला ऐकू येतं." "माझं घर फुटाय लागलंय, साहेब. कायतरी करा."

"मिक्सर बंद करा," साहेब म्हणाले. "वरची सगळी माणसं खाली उतरवा. मागच्या दोन्ही खोल्यांत कुणीही पाऊल टाकू नका. मी निघालोय."

साहेब दुपारी आले. कालवलेला माल तसाच घट्ट होत पडला होता. गँग जिलेबी खाऊन निघून गेली होती, कारण शिजवलेलं टाकायचं कुठं. त्यांनी कोठीच्या कोपऱ्याबाहेर मजुराकडून खड्डा मारून घेतला. भर वैशाखात, जिथं जमिनीला हात घालता येईल एवढाल्या भेगा पडल्या होत्या, तिथं कमरेइतकं खाली गेल्यावर चिखल लागला. न्हाणीघराचा जमिनीतला पाइप तुटलेला होता. किती दिवस पाणी पायाखाली मुरत होतं कोण जाणे. घराचा एक कोपरा चिखलात आणि बाकीचं घर कोरड्या ढेपीवर, असं ते उभं होतं.

आण्णा खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. खालचा चिखल त्यांनी हातात घेतला आणि दाबून बघितला.

"स्लॅब टाकला असता तर पडला असता का?" जिनूनं विचारलं. आवाजात अजून भांडण होतं.

"पडलाच असता असं मी सांगणार नाही," साहेब म्हणाले. "पण राहिला असता, असं सांगणारा इंजिनियर मला दाखवा."

पुढचं काम महिनोन्‌महिने चाललं. वरचं वीटकाम उतरवलं, पाइप बदलला, कोपऱ्याचा पाया थोडा थोडा उकरून खालून नवा भरला. साहेबांनी एकच गोष्ट निक्षून सांगितली, या भिंतींवर दुसरा मजला कधीच नाही. जिनूनं ते मुकाट्यानं ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी कॉलनीतल्या मालकाला शब्द दिला.

सामान हलवायच्या दिवशी मी सुनयनाला समजवायला गेले.

"आईचं मनाला लावून घेऊ नको. ती कोठीतून बाहेर हो म्हणाली, घरातून नाही."

"ताई, महिनाभर त्यांनी मला कोठीत पाऊल टाकू दिलं नाही," ती भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाली. "साखर हवी, त्या आणणार. तांदूळ हवे, त्या आणणार. मी काय चोर होते? आणि मग सगळ्या गावादेखत बाहेर हो म्हणाल्या. एवढं स्पष्ट सांगितल्यावर कोण राहील?"

मी उरलेली भांडी गुंडाळायला बसले.

टेम्पो गेल्यावर मी कोठी रिकामी करायला घेतली. डबे निघाले, कणगी निघाली, आणि दारामागं एक वळकटी निघाली. घोंगडं, चादर, आईची ती चपटी उशी.

"हे इथं कुणाचं?"

"माझं," आई म्हणाली. ती दारात उभी राहून फडक्यानं डबे पुसत होती.

"तू इथं झोपायचीस? या खोलीत?"

"काच वाढल्यापासनं. आण्णांना म्हणलं, तुमचं घोरणं सोसंना."

"अगं, पण का?"

"भिंत जायाला लागली तर आधी मला कळावं. जिनू-सुनयना पलीकडच्या खोलीत निजल्याली असायची. वरडले असते की मी."

मी वळकटीवरच बसले. एक प्रश्न मला त्या दिवसापासून छळत होता आणि त्याचं उत्तर मला नको होतं, तरी विचारला.

"आई, 'वाढली' हे साहेबांना कळलं नाही. ते तुला कळलं होतं?"

ती डबा पुसत राहिली. तो कधीच पुसून झाला होता.

"तो केरळचा माणूस," ती शेवटी म्हणाली. "छान छान म्हणाला तवाच कळलं."

"मग परत का नाही सांगितलंस?"

"सांगितल्याबिगर राहवंना, आणि कळावं असंबी वाटंना. कळलं असतं तर जिनू त्याच दिवशी गेला असता. मनाला म्हणलं, एवढा शिकलेला माणूस, त्याला उमगलं असंल. तुलाबी सांगितलं की. तूबी डाळ निवडत बसलीस."

मला तिचा राग आला. असा राग मला तिचा आयुष्यात आला नव्हता. लोखंडाच्या जाळीवर चढून हाका मारणारा जिनू माझ्या डोळ्यांपुढं आला, मल्लाप्पाची माणसं आली. मी बोलायला तोंड उघडलं आणि तिच्याकडं पाहिलं. ती डबा पोटाशी धरून उभी होती. मी वळकटीची सुटलेली चादर आत खोचत राहिले.

"मग त्या दिवशी का बोललीस?" मी विचारलं.

"सुनयना आत गेली." तिनं डबा खाली ठेवला. "आपलं आपण बघून घेतलं असतं. ती परक्याची लेक. तिला काय झालं असतं तर तिच्या आईला मी काय सांगणार हुते? वाढली म्हणून?"

मला रडू फुटलं. ती रडली नाही.

"हे सुनयनाला सांग," मी म्हटलं. "आज सांग. मी येते तुझ्याबरोबर. ती समजतीय तू तिला घराबाहेर काढलंस."

"नको."

"अगं, तुझ्यामुळं ती..."

"नको म्हणते न्हवं. हे सांगितलं की आधीचंबी सांगावं लागंल. आईला ठाऊक हुतं आणि तिनं मला वर चढू दिलं, हे जिनूला कळलं तर तो या जन्मात तोंड बघायचा न्हाई. त्यापरीस ती रुसलेली बरी. रुसलेलं माणूस येतं सणावाराला."

ते खरं निघालं. जिनू-सुनयनाचं कॉलनीत आता स्वतःचं घर आहे, आणि दिवाळी-दसऱ्याला, आण्णांच्या तिथीला ती दोघं न चुकता येतात. जिनू सरळ आत येतो. सुनयना मात्र उंबऱ्यापाशी थांबते, चपला काढायला उगीच वेळ लावते. आई आता थकलीय, तिला पटकन उठवत नाही. ती आतूनच म्हणते, "आत ये गं, सुनयना." एकदा म्हटल्यानं ती येत नाही. दोनदा म्हणावं लागतं.